जिथे तुटलेलं जोडत नाहीत

मी गाव सोडलं त्या सकाळी दादा मागावरून उठला नाही. अंगणात बाबा माझी बॅग खांद्याला अडकवून उभे, दारात वहिनी पोळ्या-चटणीचं पुडकं घेऊन उभी, आंधळगावच्या स्टँडवर बस लागायची वेळ झालेली, आणि आत मागाची खटखट चालूच. मी दोनदा आत डोकावलो. दादानं मान वर केली नाही. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा पायाखालच्या पावड्या हलवत हलवतच म्हणाला, "जाय ना मंग. बस काय तुह्यासाठी थांबून राहनार हाये?"

मला त्याचा असा राग आला की काय सांगू. सख्खा भाऊ पार गुजरातेत चालला आणि याला मागावरची कोशाच्या रेशमाची साडी सुटेना. भंडारा रोड स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलो तेव्हा बाबांना तसं बोलूनही दाखवलं. बाबा म्हणाले, "सकाळपासून तीन खेपा धागा तुटला त्याचा. तुह्या ध्यानात नाही आलं?" माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दादाच्या हाताखाली धागा तुटणं ही आमच्या मोहल्ल्यात बातमी होती, आणि मी आपला बसच्या वेळेत गुंग. गाडी हलली तेव्हा बाबा खिडकीसोबत चार पावलं चालले आणि एवढंच म्हणाले, "पोटभर जेवजो. अन् येत जाजो."

जेवलो पोटभर. येणं मात्र मी दोन वर्षं बंद केलं होतं. त्याचं कारण सांगायला हे लिहितो आहे. गावाबाहेर पडलेल्या आमच्या पोरांचा व्हॉट्सअप ग्रुप आहे, कोणी पुण्याला, कोणी सुरतेला, एकजण तर दुबईला. तिथे कोणीतरी टाकलं की घर सोडल्याच्या आठवणी लिहा रे. बाकीच्यांनी छान छान लिहिलं. माझी आठवण छान नाही. माझ्या तोंडून निघालेल्या एका शब्दामुळे माझ्या सख्ख्या भावाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली, आणि तो शब्द मी कोणालाही सांगितला नव्हता. पोलिसांना नाही, मिलमध्ये नाही, बायकोला नाही, घरी तर नाहीच.

आम्ही विणकर. किती पिढ्यांपासून ते विचारू नका, बाबांनाही माहीत नाही. घरात दोन माग, एक बाबांचा, एक दादाचा. मी धाकटा, माझं काम दोघांच्या मधे बसून तुटलेले धागे जोडणं. कोशाचा धागा बारीक, जरा ओढ जास्त झाली की तुटतो, आणि तुटलेला धागा तसाच राहिला तर कापडात खालपर्यंत चीर दिसते. म्हणून धागा तुटला की विणणारा म्हणायचा, "जोड." एवढंच. मी हात घालायचो, दोन टोकं बोटांत धरून पीळ द्यायचो, माग पुन्हा सुरू. दिवसातून शंभर वेळा हा शब्द आमच्या घरात निघायचा, बहुतेक बाबांच्या मागावरून. डोकं मधे यायची गरजच नव्हती. कानात शब्द पडला की हात निघालेला असायचा.

तर असे हात घेऊन मी वापीच्या पेपर मिलमध्ये गेलो.

पहिल्या दिवशी मी गेटातून आत शिरलो आणि रद्दीचा डोंगर पाहिला. खरंच डोंगर. जुने खोके, वर्तमानपत्रं, शाळेच्या वह्या, लग्नपत्रिका, औषधांच्या डब्या, सगळं तारांनी आवळून गठ्ठे केलेले. आम्ही लहानपणी वहीचं पान फाडलं तर मार खाल्लेली माणसं. इथे गठ्ठे उचलणारी लोडर गाडी वह्यांच्या छातीवर चढून जाते. गठ्ठा फोडताना एकदा मला मराठीतली एक वही दिसली, तिसरीतल्या कोणा पोरीची, पाढे लिहिलेले. मी ती बाजूला ठेवायला गेलो तर रद्दी निवडणारी बाई हसली आणि गुजरातीत म्हणाली, भाई, असं करशील तर संध्याकाळपर्यंत घर भरेल तुझं. मी ती वही रद्दी वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर टाकली.

लाकूड शिजवून लगदा करणाऱ्या मोठ्या मिल वेगळ्या. तिथे बांबू, निलगिरी येते, तिचे बारीक तुकडे करतात आणि औषध घालून मोठ्या हंड्यांत शिजवतात. आमची मिल रद्दीवाली. पट्ट्यावरून रद्दी जाते ती पल्परमध्ये. पल्पर म्हणजे विहिरीएवढं लोखंडी घंगाळ, बुडाशी पातं फिरतं आणि वरून पाण्याचा लोट. पाच-दहा मिनिटांत वही नाही, पत्रिका नाही, खोका नाही. मातकट रंगाची पेज तेवढी उरते. मग ती पेज गाळायची. वाळू, पिना, प्लास्टिक, दोऱ्या, सगळं वेगळं निघतं. मग दोन दातेरी तबकड्यांच्या मधून लगदा काढतात म्हणजे तंतू कुटले जातात, त्यांना लव फुटते, आणि मग ते एकमेकांना धरतात.

ते धरणंच मला बरेच दिवस पटलं नाही. मशीनच्या तोंडाशी एक लांबट पेटी आहे, तिच्या फटीतून लगदा जाळीवर पडतो. त्यात शंभरातले नव्याण्णव भाग पाणी. हात बुडवला तर दूध-पाण्यासारखं लागतं. जाळी पळत असते, पाणी खाली झरतं, आणि दहा-पंधरा पावलांत त्या पाण्याचा कागद झालेला असतो. पुढे जाड लोकरीच्या पट्ट्यांतून दाबला की आणखी पाणी जातं. मग वाफेनं तापलेले लोखंडी रूळ, माणसाएवढे उंच, एकापुढे एक तीसेक. त्यांच्यावरून वरखाली होत कागद सुकतो आणि शेवटी मोठ्या गुंडाळीवर चढतो. यात उभा धागा नाही, आडवा धागा नाही, गाठ नाही. कोणी विणलेलंच नाही आणि तरी ते अखंड आहे. मी बाबांना फोनवर सांगितलं तर बाबा म्हणाले, "असं कापड टिकते का?" मी म्हटलं, बाबा, कापड नाही, कागद. तरी त्यांचा विश्वास बसला असं वाटत नाही.

आणि तो तुटतो. दिवसातून दोनदा, कधी पाचदा. लगद्यात कचरा राहिला, ओल कमी-जास्त झाली, जाळीला भोक पडलं, की फाट्‌ असा आवाज होतो आणि सगळे ओरडतात, "पेपर टूटा!" मी महिनाभराचा नवखा होतो तेव्हा पहिल्यांदा माझ्यासमोर तुटला. माझा हात निघाला होता. तो कोणीतरी मनगटातून असा पकडला की चार दिवस दुखत होता. ते मिसिरजी, बिहारचे, आमच्या मशीनचे सगळ्यात जुने ऑपरेटर. मला बाजूला ओढलं, विचारलं घरी काय काम करत होतास. मी सांगितलं. ते म्हणाले, "बुनकर हो? तो पहले हाथ भूलो. यहाँ टूटा हुआ जोड़ते नहीं."

खरंच जोडत नाहीत. तुटलेला कागद खाली खड्ड्यात पडू द्यायचा, तिथून तो परत पल्परला जातो, परत पेज होतो. वरून नवा कागद येतच असतो. त्याची एक अरुंद पट्टी कापून घेतात, तिला टेल म्हणतात, आणि ती टेल हवेच्या पाइपानं आणि हातानं एकेका रुळावर चढवत नेतात. ती धरायच्या जागा ठरलेल्या असतात. जिथे रूळ आणि त्यावरचा पट्टा आत ओढत असतो तिथे बोट न्यायचं नाही. टेल चुकली तर चुकली, पुन्हा कापा. मिसिरजींनी मला दुसऱ्या दिवशी पूर्ण आठ तास रुळांसमोर हात पाठीमागे बांधून उभं केलं. शाळेत करतात तसं. पेपर तीनदा तुटला. तिन्ही वेळा माझ्या खांद्यापासून हात फडफडले आणि मी पाठीमागे एकमेकांत अडकवलेली बोटं सोडली नाहीत. आजूबाजूचे हसत होते. संध्याकाळी मिसिरजी म्हणाले, आता तू इथे म्हातारा होशील. त्यांच्या हाताखाली जो विणकर यायचा, जो सुतार यायचा, ज्याचा म्हणून हात आधीच शिकलेला आहे, त्याला ते असंच उभं करायचे. नवख्या पोरांना नाही. त्यांना म्हणायचे, यांचे हात कच्चे आहेत, हे घाबरतील. शिकलेला हात घाबरत नाही.

दहा वर्षं गेली. मी हेल्परचा मशीनमन झालो, मिसिरजी गावी परत गेले तसा ऑपरेटर झालो. लग्न झालं, पोरगी झाली. पोरगी बापाशी हिंदीत बोलते, शेजारच्या बेनशी गुजरातीत भांडते आणि आजोबांशी फोनवर बोलायची वेळ आली की आईच्या पदराआड जाते. खोलीत गॅस आला, फ्रिज आला. तांदूळ तेवढा मी गावचाच खायचो. वर्षाला एक पोतं चिन्नोर दादा ट्रान्सपोर्टनं पाठवायचा आणि वर फोन करून विचारायचा, "भात मोकळा झाला का?" इकडच्या पाण्यात तो कधीच तसा झाला नाही. मी दरवेळी हो म्हणायचो.

गावी आमचा मोहल्ला हळूहळू शांत होत गेला. कोशाचं सूत वेळेवर मिळेना, पोरं मागावर बसेनात, एकेका घरातून खटखट बंद झाली. बाबांची नजर गेली तसा त्यांचा माग उभा राहिला. दादा एकटा बसायचा. मीच त्याला म्हटलं, ये इकडे. एकदा नाही, वर्षभर म्हणत होतो. तो म्हणायचा, "मी तिथं येऊन काय करू? मले हेच येते." वहिनीला वाटायचं जावं. शेवटी ती म्हणाली म्हणून एकटाच आला. हेही मला लिहून ठेवायचं आहे, की त्याला बोलावणारा मी होतो.

दादाला आधी रिवाइंडरवर लावलं. मोठ्या गुंडाळीवरचा कागद गिऱ्हाइकाच्या मापाच्या छोट्या गुंडाळ्यांवर चढवायचं ते काम. तिथे मात्र जोड असतो. कागदात फाट आली की मशीन पूर्ण थांबवतात, दोन्ही कडा सरळ कापतात आणि टेपनं चिकटवतात. दादाचा पहिला जोड मी अजून विसरलो नाही. त्यानं टेप लावली, वरून अंगठा फिरवला, आणि क्वालिटीच्या साहेबाला बोट फिरवून जोड सापडेना. साहेब म्हणाला, "किसन, तेरा भाई तो जादूगर है." छाती अशी फुगली माझी. त्यानंतर फाट आली की मी मुद्दाम रिवाइंडरकडे जायचो, मशीन थांबली की सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचो, "दादा, जोड." आणि तो जोडायचा. दहा वर्षांनी आम्हा भावांना पुन्हा सोबत काम करताना जी मजा येत होती ती मी कोणाला सांगणार? तो सुद्धा खुलला होता. खोलीवर भात तोच शिजवायचा आणि खरंच, त्याच्या हाताला तो मोकळा व्हायचा.

मग एक दिवस दुपारच्या पाळीला आमच्याकडे ड्रायरवर माणूस कमी पडला. ड्रायर म्हणजे तेच तापलेले रूळ. मीच शिफ्ट इन्चार्जला म्हटलं, माझ्या भावाला देतो उभा करून. नुसतं पाहायला, दोन दिवसांत शिकेल.

त्या दिवशी मला एकच काम करायचं होतं. मिसिरजींनी मला जसं उभं केलं तसं दादाला हात पाठीमागे बांधून आठ तास उभं करायचं. मला आठवण नव्हती असं नाही. पाळी सुरू व्हायच्या आधी मी त्याच्यासमोर उभा होतो आणि शब्द ओठावर होते. पण समोर दादा. मला मागावर बसवून पहिला धागा हातात देणारा. ज्याच्यासमोर मी आजही बाजेवर पाय सोडून बसत नाही. त्याला मी चार पोरांसमोर म्हणू, हात मागं बांध अन् उभा राहा? ते हसले असते, जसे मला हसले होते. मला ते सोसलं नसतं. म्हणून मी फक्त बोटानं दाखवलं, इथे हात न्यायचा नाही, इथे नाही आणि इथे नाही. दादानं मान डोलावली. आमच्या घरात मोठ्याला शिकवायची रीत नाही. त्या रितीचा मान राखला मी.

तासाभरात पेपर तुटला. नवी टेल कापली, ती एकेका रुळावरून पुढे येऊ लागली. मी एका टोकाला, दादा माझ्यापासून पाच-सहा पावलांवर. टेल त्याच्यासमोर आली आणि मधेच फाटली. एक टोक रुळावर, एक हवेत. मी पाहिलं, आणि मी ओरडलो, "दादा, जोड!"

हात निघाला त्याचा.

मिसिरजींनी माझे हात बांधले होते, माझी जीभ बांधायचं कोणाच्या डोक्यात येणार? मी दोरी ओढली. मशीन थांबवायची लाल दोरी असते, ती. पण एवढे जड रूळ दोरी ओढल्या ओढल्या थांबत नाहीत, काही वेळ फिरतातच. तेवढ्या वेळात काय झालं ते मी लिहिणार नाही. घरच्यांनी वाचलं तर त्यांना ते दिसायला नको. दादा ओरडला नाही एवढं सांगतो. तो माझ्याकडे पाहत होता.

हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या दिवशी मिलचे साहेब आले, सोबत लिहून घेणारा माणूस. मी खाटेशी उभा होतो. विचारलं, हात का घातला? कोणी सांगितलं होतं का? दादा म्हणाला, "कोनी नाही सांगितलं. माहा हात गेला. आदत हाये." मला इतकं हलकं वाटलं की मी भिंतीला टेकलो. त्या हलकेपणाची लाज मला आजही वाटते. मी मनाशी धरून बसलो की त्यानं ऐकलंच नाही. कानात स्पंजचे बोळे होते, मशीनची घरघर अशी की शेजारचा माणूस बोलला तरी कळत नाही. ऐकणार कसा? मिलनं द्यायचं ते दिलं, बसून करायचं कामही देऊ केलं. दादानं नको म्हटलं. पंधरा दिवसांनी मी त्याला गाडीत बसवून दिलं. सुरतेपर्यंत सोबत गेलो. घरापर्यंत गेलो नाही.

तिथून दोन वर्षं. कधी शटडाउन, कधी माणसं कमी, कधी पोरीची परीक्षा. बाबा म्हणायचे, कवा येतं? मी म्हणायचो, पुढल्या महिन्यात. वहिनीनं विचारणं सोडून दिलं. तिनं मला कधी बोल लावला नाही, आणि फोनवर तिचा साधा आवाज ऐकला की मला घाम यायचा. तांदळाचं पोतं येतच होतं. ते फोडायला मी बायकोला लावायचो.

गेल्या उन्हाळ्यात बाबांनी फोनवर सांगितलं, "सुखदेव बसून राहिला मागावर." दादाचं नाव सुखदेव. मला खरं वाटलं नाही. तीन बोटं नसलेला माणूस कोसा विणतो? मी चार दिवसांची रजा टाकली आणि निघालो. खरं सांगतो, कबूल करायला म्हणून निघालो नव्हतो. नुसतं पाहायचं होतं.

पोचलो त्या दिवशी सगळे चांगले वागले. वहिनीनं पाणी दिलं, पोरीचं विचारलं. बाबांनी हातानं चाचपून माझं तोंड पाहिलं आणि म्हणाले, वाळला. दादानं विचारलं, मिसिरजीचा फोन येते का? मी सगळ्यांशी हसून बोललो आणि रात्री पडल्या पडल्या स्वतःला शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागाजवळ बसलो. दादानं मनगटाला कापडी पट्टा बांधला होता आणि पट्ट्याला मागाची दोरी. मनगटानं दोरी ओढायची, धोटा इकडून तिकडे. डाव्या हातानं ठोका. वेग अर्धाही नव्हता, पण कापड तसंच उतरत होतं, एकसारखं. एकच गोष्ट त्याला जमत नव्हती. धागा तुटला की पीळ द्यायला अंगठ्यासमोर बोट नाही. मग तो माग थांबवायचा आणि अंगठ्याच्या पेरानं मागाच्या लाकडावर दोनदा टकटक करायचा. वहिनी चुलीजवळून उठायची, पदराला हात पुसायची, यायची, धागा जोडायची आणि परत जायची. पीठ मळता मळता उठायची, वरण फोडणीला टाकता टाकता उठायची. कोणी कोणाला काही म्हणत नव्हतं.

सहा-सात वेळा असं झालं असेल. तेव्हा माझ्या लक्षात आलं. तो शब्द घरात नव्हता. ज्या घरात तो दिवसातून शंभरदा निघायचा तिथे दादा लाकूड ठोकत होता. बाबाही धागा तुटल्याचं ऐकून नुसते वहिनीच्या दिशेनं मान वळवायचे. याचा अर्थ एकच होता.

पुन्हा टकटक झाली. वहिनी आली, वाकली. मी म्हणालो, "दादा, त्या दिवशी मी बोललो होतो. जोड म्हटलं मी."

दादा पुढ्यातल्या कापडाकडे पाहत राहिला. "मालूम हाये," तो म्हणाला. "आयकलो होतो मी."

"कानात बोळे होते तुह्या."

"लहानपनापासून दोन मागाच्या खटखटीत तुहा आवाज आयकला, किसना. तुहा आवाज मले मशीनमंधी आयकू नाही येनार?"

मी विचारलं, मग तिथे सांगितलं काहून नाही? तो म्हणाला, "सांगून काय झालं असतं? माहे बोटं आले असते का? तुही नोकरी गेली असती." आणि थोड्या वेळानं, "त्याईले मी कायले सांगू? तू मले सांगशील म्हनून वाट पाहत होतो. गाडीत बसवून देशील तेवा सांगशील. मंग वाटलं दिवाईले येऊन सांगशील. बोटाइचा हिशेब नाही करत मी. पन वाट लई पाहाले लावली तू."

मला रडू आलं ते लपवण्यासारखं नव्हतं. वहिनीचा हात धाग्यावर तसाच होता. तिला यातलं काही माहीत नव्हतं, हे तिच्या तोंडावरून कळत होतं. दादानं तिलाही सांगितलं नव्हतं. घरातून तो शब्द गेला तो का गेला हे तिनं कधी विचारलं नव्हतं, नवऱ्याला त्रास होतो एवढंच समजून चालली होती. तिनं आधी धागा जोडला. पीळ देऊन, ओढून पाहिलं. मग सरळ झाली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "भाऊजी, तोंडातून निंगून गेलं ते मी समजू शकतो. मानूस हाये. पन दोन वर्स तुमी तोंड लपवून बसले अन् मी इथं म्हनत होतो, लहाना दीर मोठा झाला, आता त्याले आमची लाज वाटते. रोज म्हनत होतो. हे ऐकून घेत होते. त्याचा राग आला मले. लई आला. अन् तो जानार नाही लवकर, सांगून ठेवतो."

दादा म्हणाला, "राहू दे राग. जेवाले वाढ त्याले पयले."

तिनं वाढलं. ताट जरा आदळून ठेवलं, भात मात्र दोनदा वाढला. तो राग दोन वर्षांपूर्वीच माझ्या वाट्याचा होता, मी तो घ्यायला गेलो नव्हतो. जेवताना मला कळलं की वापीत माझ्यावर असं कोणी रागावू शकत नाही. साहेब रागावतो, शेजारी रागावतात, पण त्यांच्या रागानंतर ताट येत नाही. गाव सोडलेल्यांनो, तुम्ही घराचं काय काय लिहिलंत, तलाव लिहिलेत, धानाचा वास लिहिलात. माझ्यासाठी आता घर एवढंच आहे. जिथे माझी चूक मला सांगून टाकावी लागते, आणि सांगितल्यावर निघून जावं लागत नाही.

मी परत आलो. ड्रायरवर कोणी शिकलेल्या हाताचा माणूस आला, विणकर असो, शिंपी असो, वयानं माझ्याहून कितीही मोठा असो, मी त्याला पहिले आठ तास हात पाठीमागे बांधून उभा करतो. पोरं हसतात. हसू देतो. परवा एक पन्नाशीचा माणूस रागावून म्हणाला, मैं बच्चा हूँ क्या. मी त्याला हात जोडले आणि तरी उभा केला.

घरी दर रविवारी फोन करतो. वहिनीनं उचलला तर ती एवढंच म्हणते, "देतो याईले," आणि फोन दादाकडे जातो. मी तक्रार करत नाही. मागच्या रविवारी मी घाईनं म्हणून टाकलं, वहिनी, दिवाळीला येतो सगळ्यांना घेऊन. पलीकडून नुसती मागाची खटखट ऐकू आली. मला वाटलं फोन दादाकडे गेला. मग तिचा आवाज आला, "या. राग हाये माहा अजून. पन या."

रजेचा अर्ज मी सोमवारी सकाळीच दिला.